कळसे सर आणि पान एकशे बारा

ग्रंथालयातल्या पुस्तकावर पेनाने लिहिणाऱ्या माणसाला मी सगळ्या नोकरीत कधी माफ केलं नाही. पेन्सिलीने लिहिणाऱ्याला समोर बसवून खोडरबर देत असे आणि सगळं खोडून होईपर्यंत उठू देत नसे. उदगीरच्या आमच्या कॉलेजात पोरं प्राचार्यांना भीत नसत तेवढी मला भीत. माझ्या मागे ग्रंथालयाला 'वाघमारे बाईंचं पोलीस ठाणं' म्हणत. ते मला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. आणि तरी आज त्याच ग्रंथालयात एका पुस्तकाच्या पाच प्रती अशा आहेत, की त्यांच्या एकशे बाराव्या पानावर निळ्या शाईने एक ओळ खोडून तिच्यावर थरथरत्या अक्षरात दुसरी ओळ लिहिलेली आहे. ती माझ्या देखत लिहिली गेली. पेनही माझंच होतं.

लिहिणारे होते आमच्या इंग्रजी विभागाचे मन्मथ कळसे सर.

त्यांची माझी ओळखच खोडरबरावरून झाली. मी नांदेडहून नुकतीच तिथे रुजू झाले होते. एक जाड इंग्रजी कादंबरी परत आली आणि ती चाळताना समासात पेन्सिलीने मराठीत लिहिलेलं दिसलं, 'असं होत नसतं.' कार्डावर शेवटचं नाव कळसे सरांचं. प्राध्यापक आहे म्हणून सूट देण्यातली मी नव्हते. शिपायाबरोबर निरोप धाडला. सर आले. उंच, किडकिडीत माणूस, कपाळाला भस्माची पुसट रेघ, हातात कापडी पिशवी. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी टेबलावरचं खोडरबर स्वतःच उचललं आणि खोडता खोडता म्हणाले, "चूक माझी हाय ताई. पण तिची बी हाय."

"कुणाची?"

"ही कादंबरी लिहिणारीची."

मग त्यांनी सांगितलं. लेखिका कॅनडातली, तिकडे चांगली नावाजलेली. गोष्टीतल्या बर्फाळ गावात एक बाई घरी मागावर लोकरीचं कांबळं विणत असते. मुलगा भांडून घर सोडतो तेव्हा ती कात्री घेते आणि अर्धवट कांबळं मागावरून कापून टाकते. पुढे चार प्रकरणांनी मुलगा परत येतो, आणि त्याच संध्याकाळी ती बाई तेच कांबळं पुढे विणायला बसते.

"मग त्यात काय?" मी म्हटलं. मला तर ते ऐकूनच भरून आलं होतं.

"ताई, मागावरचे उभे धागे ताणलेले असतेत. कापले की ताण गेला. पुन्हा विणायचं म्हनलं तर एकेक तुटका धागा नव्याला गाठ मारून जोडावा लागतो. शेकड्यानं गाठी. एका सांजंत कसं व्हईल? आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरगं बी हसंल."

"मग हे त्या बाईंना सांगा. माझ्या पुस्तकाला कशाला सांगता?"

मी चिडून बोलले होते. पण सरांचा हात थांबला. ते माझ्याकडे असे बघत राहिले की मीच जरा घाबरले. "बरोबर बोललात," ते म्हणाले. "आमच्या बैठकीचा कायदाच हाय तो. मी इसरलो होतो."

ही बैठक काय भानगड आहे ते मला तुकड्यातुकड्याने कळलं. सर सणगर गल्लीतले, वडील घोंगड्या विणणारे. घरात जमिनीत खड्डा, त्या खड्ड्यात पाय सोडून वडील मागावर बसायचे, आणि धाग्याला लावायच्या चिंचोक्याच्या खळीचा वास घराला कायमचा असायचा. निजामाच्या काळापासून, कदाचित त्याच्याही आधीपासून, आमच्या भागातल्या घोंगडी विणणाऱ्यांची एक बैठक होती. लोकर कुणाला कशी वाटायची, कोण कुठल्या बाजारात बसणार, नवा माणूस तयार झाला असं कधी समजायचं, हे सगळं बैठक ठरवी. नव्या माणसाने आपली पहिली घोंगडी विकायची नाही, बैठकीपुढे ठेवायची. म्हातारे ती उलटीपालटी करून तिच्यातले दोष काढत. पास झाली तर सगळ्यांत वडीलधारा माणूस ती घोंगडी अंथरून तिच्यावर बसे आणि विणणाऱ्याला म्हणे, "बस." त्या दिवसापासून तो बैठकीतला. घोंगडीच्या कोपऱ्यात आपली स्वतःची खूण विणायचा हक्कही तेव्हापासून; त्या पहिल्या घोंगडीवर ती मागाहून सुईने भरायची.

आणि एक कायदा होता. दुसऱ्याच्या विणीत दोष दिसला तर तो सांगितलाच पाहिजे, पण विणणाऱ्याला, त्याच्या तोंडावर. गिऱ्हाइकाला नाही, गल्लीत नाही, घरात बायकोलासुद्धा नाही.

"युरोपात बी अशा बैठका होत्या ताई," सर सांगत. "आपल्या तेर गावाला दोन हजार वर्षांमागं होत्या, त्यांना श्रेणी म्हनत. नाव येगळं. पण पहिलं काम पुढं ठेवताना नव्या माणसाच्या पोटात गोळा येणार तो सगळीकडं सारखाच."

सरांच्या पोटात तो गोळा कधी आला नाही, हेच त्यांचं दुःख होतं. शाळेत हुशार निघाले म्हणून वडिलांनी त्यांना मागावर बसूच दिलं नाही. सर एम.ए. होईपर्यंत गिरणीच्या स्वस्त कांबळ्यांनी माग बंद पाडले आणि बैठक मोडली. घरातला खड्डा बुजवून त्यावर फरशी घातली, आणि नेमकं त्याच जागी सरांचं लिहायचं टेबल आलं. "मी खड्ड्यावर बसून लिहितो," असं ते हसत सांगत. पण अंगणातल्या लग्नात बोलावणं नसलेला शेजारी जसा खिडकीतून बघतो तसं त्या बैठकीबद्दल बोलताना त्यांचं तोंड होई. मला त्यांची दया येई आणि ते मी कधी दाखवलं नाही.

मागावर बसले नाहीत, पण हात विणकराचे ते विणकराचेच राहिले. कुठलंही कापड दिसलं की सर त्याची उलटी बाजू बघणार. स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या गळ्यात घातलेली शाल, ऑफिसातला पडदा, बाकावर ठेवलेला कुणाचा स्वेटर. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी नवरदेवाच्या खांद्यावरचा शेला हातात धरून उलटा केला, काठ बोटांत चोळला आणि मान हलवून सोडून दिला. वरमायेचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. नंतर मी झापलं तर म्हणाले, "मी बोललो का काही? विणणारा तिथं नव्हता ना."

वर्गात सर स्वच्छ इंग्रजीत शिकवत, वर्गाच्या उंबऱ्याबाहेर पाय पडला की उदगिरी. विद्यापीठाने तिसऱ्या वर्षाला कॅनडाच्या साहित्याचा एक ऐच्छिक पेपर ठेवला होता, तो घ्यायला कुणी प्राध्यापक तयार नसे. सरांनी मागून घेतला. मी एकदा विचारलं, "सर, कुठं कॅनडा आणि कुठं उदगीर?" तर म्हणाले, "तिकडचे लोक थंडीवर लिहितेत ताई, आन् थंडीतनं घोंगडी येती. मला परकं वाटत न्हाई."

पण पोरांना वाटे. एप्रिलच्या उन्हात, पंखा गरम वारा फेकत असताना, बर्फातून घरी चाललेल्या मुलीची गोष्ट कशी समजावी? एक दिवस सर सगळ्या वर्गाला, म्हणजे चौदा पोरापोरींना, रांगेने गावाबाहेरच्या बर्फाच्या कारखान्यात घेऊन गेले. मालक त्यांचा जुना विद्यार्थी. लाद्या रचलेल्या खोलीत सगळ्यांना उभं केलं आणि सांगितलं, "धा मिनिटं कुणी बोलायचं न्हाई." पाचव्या मिनिटाला पोरी ओढण्या डोक्यावरून घ्यायला लागल्या. सातव्या मिनिटाला हदगावची एक मुलगी रडायला लागली. तिला थंडी सोसेना म्हणून नाही, तर घरची आठवण आली म्हणून. आठवण का आली ते तिलाही सांगता येईना. मग सरांनी तिथेच, तोंडातून वाफ काढत, गोष्ट वाचली. दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग सर्दीने आडवा आणि प्राचार्यांची नोटीस सरांच्या टेबलावर. त्या वर्षी त्या पेपरात कुणी नापास झालं नाही. ती हदगावची मुलगी पुढे हदगावलाच शिक्षिका झाली.

दर शनिवारी दुपारी ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत सर एक छोटी बैठक भरवत. ज्याने काही लिहिलं असेल त्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी दोष सांगायचे. दारातून बाहेर पडलं की त्या लिखाणाबद्दल कुणाशी अवाक्षर नाही. कुणी मोडला कायदा तर सर त्याला पुढच्या शनिवारी सगळ्यांना चहा वाढायला लावत. मीही एकदा नांदेडच्या माझ्या लहानपणावर चार पानं लिहून वाचली. सरांनी डोळे मिटून ऐकलं. "ताई, शेवटच्या चार ओळी काढा," ते म्हणाले. "गोष्ट आधीच संपलीय. तुम्ही दार लावायला थांबलाय." मला राग आला. घरी जाऊन ओळी काढल्या आणि मग राग गेला.

कॅनडाला पत्र मात्र खरंच गेलं. सरांनी ते प्रकाशकाच्या पत्त्यावर धाडलं, आणि धाग्यांच्या गाठी कशा मारतात त्याची चित्रंही सोबत काढून दिली. पाचसहा महिन्यांनी कॉलेजच्या पत्त्यावर जाड पाकीट आलं. लेखिकेने हाताने लिहिलं होतं, की इतक्या वर्षांत हे तिला कुणी सांगितलं नाही. तिची आजी विणायची, पण तिने आजीला कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला आजी नाही. आपल्या कपाटातल्या सगळ्या प्रतींत तिने पेनाने दुरुस्ती केली होती आणि नवी आवृत्ती निघेल तेव्हा तीत करणार होती. पुढे नवी आवृत्तीही आली. तीत एक वाक्य जास्तीचं होतं. गाठी मारायला त्या बाईला अख्खा हिवाळा लागतो आणि परत आलेला मुलगा शेजारी बसून धागे धरतो, असं.

मी ते वाक्य ग्रंथालयात उभ्याउभ्या वाचलं आणि मला रडू आलं. मी म्हटलं, "सर, हे पेपरात द्यायला पाहिजे. उदगीरच्या माणसाने कॅनडाची कादंबरी दुरुस्त केली."

"कुणाला सांगायचं न्हाई," सर म्हणाले. "दोष तिचा होता, तिला सांगितला. संपलं." त्यांनी वर्गातसुद्धा सांगितलं नाही. मला माहीत होतं ते केवळ खोडरबरामुळे. म्हणून आजही मी लेखिकेचं नाव सांगत नाही. तेवढा कायदा मला पाळता येतो.

निवृत्त व्हायच्या सुमारास सरांनी बैठकीचा इतिहास लिहायला घेतला. 'घोंगडीची बैठक'. सुटीच्या दिवशी एसटीने गावोगाव हिंडत, म्हाताऱ्यांशी बोलत, जुन्या घोंगड्यांच्या कोपऱ्यांतल्या खुणांचे फोटो काढत. लिहिलेलं प्रकरण आधी मला वाचायला आणून देत. अशाच एका प्रकरणानंतर मी त्यांना विचारलं, "सर, तुमच्या या घोंगडीवर माझे आजोबा बसले असते का?" माझे वडील नांदेडला रेल्वेत होते, पण आजोबा गावकीची कामं करत वेशीबाहेर राहिले. "न्हाई," सर म्हणाले. "अंगणात बी येऊ दिलं नसतं." पंधरा दिवसांनी त्यांनी नवं प्रकरण आणलं. बैठकीने कुणाला बाहेर ठेवलं, कसं ठेवलं, हे त्यात नावगाव घेऊन लिहिलं होतं. स्वतःच्या आजोबांनाही सोडलं नव्हतं. मी त्यात दोष काढायचा खूप प्रयत्न केला. सापडला नाही, तेव्हा त्यांना तसं सांगितलं.

पुस्तक निघालं. अडीचशे प्रती. लातूरला छोटासा कार्यक्रम झाला, सरांना शाल घातली. सरांनी ती व्यासपीठावरच उलटी करून बघितली.

आठ महिन्यांनी एक दिवस सर ग्रंथालयात आले आणि माझ्यासमोर बसले. तोवर त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटलेला होता. जळकोटला एका शाळेत भाषणाला गेले होते. भाषण संपल्यावर एक मुलगी पुढे आली, म्हणाली, आजीने बोलावलंय. आजी म्हणजे गौराबाई, नव्वदीला टेकलेल्या, दोन्ही डोळे जवळजवळ गेलेले. सगळे त्यांना गौरामाय म्हणत.

पुस्तकाच्या एकशे बाराव्या पानावर एका काळ्या घोंगडीच्या कोपऱ्याचा फोटो आहे. तीन पांढरे ठिपके आणि त्यांच्याखाली तिरकी रेघ. फोटोखाली सरांनी लिहिलं होतं, 'ही खूण जळकोटचे कै. रामलिंगअप्पा यांची.' घोंगडी सरांना किल्लारीच्या एका घरात सापडली होती. घरच्यांनी सांगितलं, जळकोटच्या रामलिंगअप्पाकडून घेतलेली. रामलिंगअप्पा वारलेले. खात्री करायला सर तेव्हा जळकोटला गेलेच नाहीत.

"मास्तर," गौरामाय त्यांना म्हणाल्या होत्या, "रामलिंगअप्पा माझे मालक. तुम्ही लई चांगलं लिवलंत. पन खून माझी हाय."

नवरा लवकर गेला, पदरात लेकरं. त्या नवऱ्याच्या मागावर बसल्या. पहिली घोंगडी बैठकीपुढे ठेवली तेव्हा निम्मे म्हातारे उठून गेले. उरलेल्यांनी ती दोनदा उलटीपालटी केली आणि सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाने अंथरून म्हटलं, "बस." त्या बसल्या. पुढे माग मोडेपर्यंत बसत होत्या. आता डोळे गेले, माग गेला, बैठकीतली सगळी माणसं गेली. आपण विणकर होतो याचा त्यांच्यापाशी उरलेला पुरावा म्हणजे ती खूण, आणि सरांनी ती नवऱ्याच्या नावावर लिहून टाकली होती.

"बाईची खून असंल हे माझ्या डोक्यातच आलं न्हाई ताई," सर म्हणाले. "तुमच्या आजोबांचं मी लिहिलं. ते तुम्ही इचारलं म्हनून. हे कुनी इचारलं न्हाई, तर मला दिसलंच न्हाई."

बोलवायला आलेली ती नात लातूरला नर्सिंग शिकत होती. पुस्तक तिनेच आजीला वाचून दाखवलं होतं आणि संतापून सगळं मोबाइलवर टाकायला निघाली होती. आजीने अडवलं. ज्याने विणलं त्याला सांगायचं, तो समोर आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. फोन तरी कर म्हणून नातीने पुस्तकावरचा नंबर दाखवला, तर म्हातारी म्हणाली, फोनवर तोंड कुठं दिसतं? आणि आठ महिने थांबली. एवढं सांगून सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी उठून त्यांच्यासाठी पाणी आणलं.

मग मी आमच्या धंद्यातला उपाय सांगितला. शुद्धिपत्र छापू, चिठ्ठी करून प्रत्येक प्रतीत घालू.

"चिठ्ठी पडती ताई."

"मग दुसरी आवृत्ती काढू."

"तवर गौरामाय ऱ्हाईल का?" सर म्हणाले. "आन् पहिल्या आवृत्तीतलं खोटं तसंच ऱ्हाईल की घरोघर. त्या कॅनडाच्या बाईनं कपाटातल्या प्रती हातानं नीट केल्या. माझ्या तर गिऱ्हाइकाच्या घरात हायेत."

घरात पडून असलेल्या शंभरेक प्रती त्यांनी आधी नीट केल्या. आपण कुणाला पुस्तक दिलं ते सरांनी एका वहीत लिहून ठेवलं होतं, आता ती वही घेऊन ते निघाले. एसटीने लातूर, नांदेड, देगलूर, निलंगा. दारात उभं राहून म्हणायचं, "माझ्या पुस्तकात एक खोटं गेलंय, जरा प्रत द्या." लोक आधी घाबरत, मग चहा करत. हदगावला ती बर्फाच्या कारखान्यात रडलेली मुलगी, आता दोन लेकरांची आई, तिची प्रत प्लास्टिकच्या वेष्टणातून बाहेरसुद्धा निघालेली नव्हती. सरांनी वेष्टण फाडलं, पान नीट केलं आणि म्हणाले, "आता एवढं एक पान तरी वाच." किल्लारीला मात्र त्या घोंगडीवाल्या घरात भांडण झालं. आमची घोंगडी रामलिंगअप्पाचीच, असं घरातले पुरुष सांगत राहिले. सर ओट्यावर बसून राहिले. शेवटी आतून त्या घरची म्हातारी बाहेर आली आणि म्हणाली, "मी घेतली ती बाईच्या हातनं. तुम्हाला कुनी इचारलं?" मग पुस्तक मिळालं.

हात महिन्यामहिन्याने बिघडत होता. आमच्या ग्रंथालयात आले तेव्हा पाच प्रतींना त्यांना अख्खी दुपार लागली. मी म्हटलं होतं, "तुम्ही सांगा, मी लिहिते." तर म्हणाले, "ज्या हातानं झालं त्याच हातानं व्हावं." त्यांचं पेन मध्येच वाळलं. माझ्या पर्समध्ये पेन होतं. ज्या बाईने जन्मभर पोरांच्या हातातली पेनं काढून घेतली तिने आपलं पेन टोपण काढून पुढे केलं. सरांनी वर बघितलं, आणि आम्ही दोघंही हसलो. पुस्तकावर रेघोट्या मारणाऱ्याकडे बघत मी जन्मात पहिल्यांदाच नुसती बसून राहिले.

सतरा प्रती सापडल्या नाहीत. कुणी गाव सोडलं होतं, कुणी पुस्तक दुसऱ्याला दिलं होतं. ते सरांना शेवटपर्यंत खुपत राहिलं.

गौरामायची प्रत त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवली होती. आधी बाहेरचं नीट करायचं, मग तिला तोंड दाखवायचं. एकट्याने एसटीत चढणं आता जमत नव्हतं. त्यांच्या बायकोने मला फोन केला, "ताई, ह्यांना जळकोटला जायचंय. माझं ऐकत न्हाईत, तुम्ही तरी संगं जावा." मी गेले. तो सरांचा शेवटचा प्रवास. पुढे महिन्याभरात ते गेले आणि मी तेव्हा नांदेडला होते, त्यामुळे माझ्यासाठी सर जळकोटलाच आहेत.

घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं. सर आत गेले, मी दारातच थांबले. आत जागाही बेताची होती आणि ते काम त्या दोघांचं होतं. गौरामाय भिंतीला टेकून बसल्या होत्या. नातीने पुस्तक आणून दिलं. सरांनी जमिनीवर मांडी घातली, पुस्तक मांडीवर घेतलं, डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं आणि लिहायला लागले. एक ओळ. तिला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. एके ठिकाणी पेनाने कागद जरा फाटला. लिहून झाल्यावर त्यांनी वाचून दाखवलं.

"ही खूण जळकोटच्या गौराबाई यांची. त्या बैठकीत बसत."

"पुन्ना वाचा."

सरांनी पुन्हा वाचलं.

"माझं नाव खोडल्याल्याच्या खाली हाय का वर?"

"वर हाय, माय."

म्हातारी नातीला म्हणाली, "पेटीतली आन." नातीने लिंबाच्या पाल्यात ठेवलेली एक काळी घोंगडी आणली. गौरामायने चाचपत कोपरा शोधला, सरांचा हात ओढून त्या तीन ठिपक्यांवर ठेवला, आणि सरांनी सवयीने कोपरा उलटा करून मागची बाजू चाचपली. म्हातारी हसली. "बगा, बगा," म्हणाली. "हीच पहिली. इकली न्हाई."

मग तिने ती घोंगडी स्वतःच्या हाताने अंथरली, सरकत सरकत तिच्यावर जाऊन बसली, आणि ज्या माणसाला आतापर्यंत मास्तर, तुम्ही, असं म्हणत होती त्याला म्हणाली, "बस."

सरांना आधी कळलं नाही. मग कळलं. मला त्यांची पाठ दिसत होती, ती एकदम ताठ झाली. ते उठले आणि घोंगडीच्या अगदी कडेला, गुडघे जवळ घेऊन, पहिलीतल्या मुलासारखे बसले.

"पोरगी म्हनती, अक्षर वाकडं हाय तुजं."

"हाय, माय."

"चालतंय. पास." मग तिने दाराकडे तोंड फिरवलं. "तिथं कोन हाय? मघापासनं श्वास ऐकू येतोय."

"आमच्या वाघमारे ताई. ग्रंथालयाच्या."

"मंग उभ्या कामून?"

सरांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. घोंगडी लहान होती. ते थोडे बाजूला सरकले आणि हाताने शेजारची जागा सारखी करायला लागले. मी चपला काढल्या.